तारणाची खात्री आणि कवि कूपर

भक्तिकाव्याचें परीक्षण करतांना टीकाकारापुढें एक अडचण नेहमीं उभी राहते. कवि जें म्हणतो तें त्याला स्वतःला पटलें होतें कीं नाहीं, आणि पुढें तें त्याला पटेनासें झालें तर त्याच्या काव्याची किंमत उतरते कीं काय, ही ती अडचण होय. प्रेमकवितेच्या बाबतींत आपण हा प्रश्न फारसा विचारीत नाहीं. प्रियकराचें प्रेम ओसरलें म्हणून त्याची जुनी कविता खोटी ठरली असें कोणी म्हणत नाहीं. परंतु ईश्वर आपल्या भक्ताला कधींहि टाकणार नाहीं असें अभय ज्यानें स्तोत्रांत गाइलें, तोच कवि पुढें सत्तावीस वर्षें आपल्याला ईश्वरानें टाकलें आहे असें मानून जगला व तसाच मेला, तर त्या अभयाचें काय करावयाचें? अठराव्या शतकांतील इंग्रज कवि विल्यम कूपर याच्या बाबतींत हा प्रश्न टाळतां येत नाहीं. कूपरचीं स्तोत्रें मीं तीस वर्षें वर्गांत शिकविलीं. त्यांविषयींचें माझें मत मध्यंतरीं बदललें. तें कसें व कां बदललें हें सांगणें हाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ सिद्धान्त काय आहे तें पाहूं. ख्रिस्ती धर्मांत तारण म्हणजे पापापासून व पापाच्या फळापासून सुटका. ती मनुष्याच्या पुण्याईनें मिळत नसून देवाच्या कृपेनें मिळते. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटीं मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, उंची, खोली अशा एकेका सत्तेचें नांव घेऊन, यांपैकीं कोणालाहि विश्वासणाऱ्याची देवाच्या प्रीतीपासून ताटातूट करतां येणार नाहीं, असें ठासून सांगितलें आहे. या यादीच्या अखेरीस सृष्टींतील उरलेल्या सर्वच वस्तूंचा समावेश होईल असा एक व्यापक शब्द आहे. तो वाचक लक्षांत ठेवील तर बरें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

देवाची प्रीति अढळ आहे हें झालें एक. परंतु ती आपल्या वांट्याला आली आहे हें अमुक एका माणसानें कशावरून ओळखावें? येथें मतभेद झाले. ट्रेंट येथील धर्मसभेनें १५४७ सालीं असा निर्णय दिला कीं, आपल्याला देवाची कृपा लाभली आहे हें चुकीची शंकाहि राहूं नये इतक्या निश्चयानें कोणालाहि कळूं शकत नाहीं. उलट कॅल्व्हिनच्या मतें श्रद्धा म्हणजेच देवाच्या सद्भावाचें निश्चित ज्ञान. मात्र आपली निवड झाली आहे कीं नाहीं हें स्वतःच्या अंतरंगांत न शोधतां ख्रिस्ताच्या ठिकाणीं पाहावें. इंग्लंडांतील प्युरिटन धर्मपंडितांनीं १६४६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें आपलें मतपत्र सिद्ध केलें, त्यांत याहून सूक्ष्म विवेक आहे. खात्री हा श्रद्धेचा असा अविभाज्य घटक नव्हे कीं तिच्यावांचून श्रद्धाच नाहीं असें म्हणावें. खऱ्या श्रद्धावंतालाहि तिच्यासाठीं दीर्घकाळ वाट पाहावी लागेल, आणि मिळालेली खात्री पुढें डळमळूंहि शकेल. म्हणजे देवाचें प्रेम ही एक गोष्ट आणि त्या प्रेमाची जाणीव ही दुसरी गोष्ट. पहिली ढळत नाहीं. दुसरी ढळूं शकते. पुढें अठराव्या शतकाच्या धर्मजागृतींत अंतःकरणाच्या प्रत्यक्ष अनुभवाला फार महत्त्व आलें, आणि सामान्य भाविकाच्या मनांत या दोन गोष्टींमधली सीमारेषा पुसट झाली. कूपरची शोकांतिका या पुसट झालेल्या रेषेवरच घडली.

कूपरचा जन्म १७३१ सालीं हर्टफर्डशर परगण्यांतील बर्कमस्टेड येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. तो सहा वर्षांचा असतांना त्याची आई वारली. वेस्टमिन्स्टर शाळेंत शिक्षण, पुढें कायद्याचा अभ्यास, १७५४ सालीं वकिलीची सनद, असा त्याचा क्रम झाला. १७६३ सालीं आप्तांच्या वशिल्यानें उमरावसभेच्या दप्तरांतील एक चांगली जागा त्याच्याकडे चालून आली. पण तिच्यासाठीं सभेपुढें परीक्षा द्यावी लागेल या धास्तीनेंच त्याच्या मनाचा तोल गेला, आणि त्यानें आत्मघाताचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर कॉटन या सहृदय वैद्याच्या मनोरुग्णालयांत तो सुमारें दीड वर्ष होता. तेथें १७६४ सालीं रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचीत असतां, ख्रिस्तानें आपल्या पापांचें प्रायश्चित्त केलें आहे अशी प्रतीति त्याला एकाएकीं झाली. बरा झाल्यावर हंटिंग्डन येथील अन्विन कुटुंबांत त्याला घर मिळालें. अन्विन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विधवा पत्नी मेरी यांच्यासह तो १७६७ सालीं ऑल्नी या गांवीं येऊन राहिला. ऑल्नीचा धर्मोपदेशक जॉन न्यूटन हा एके काळीं गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. १७४८ सालीं एका भयंकर वादळांतून वांचल्यावर त्याच्या धर्मजीवनाला आरंभ झाला, आणि पुढें १७८८ सालीं त्यानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघड साक्ष दिली. या दोघां मित्रांनीं मिळून केलेला स्तोत्रसंग्रह १७७९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ३४८ स्तोत्रांपैकीं साठांहून अधिक कूपरचीं आहेत.

त्यांपैकीं एका स्तोत्राकडे मी वाचकांचें लक्ष वेधतों. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत पुन्हां उठलेला ख्रिस्त पेत्राला त्याच्या प्रीतीविषयीं तीन वेळां प्रश्न करतो, त्या प्रसंगावर तें रचलेलें आहे. त्याचीं कडवीं सहा. पहिल्या कडव्यांत कवि आपल्या जिवाला, प्रभु बोलत आहे तें ऐक, असें सांगतो. पुढचीं चार कडवीं प्रभूच्या तोंडचीं आहेत. बांधलेल्याला आपण सोडविलें, जखमा भरून काढल्या, वाट चुकलेल्याला शोधून आणलें, असें तो सांगतो. मग यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील एक दृष्टान्त येतो. आई आपल्या तान्ह्या लेकराला विसरेल काय? एखादे वेळीं तीहि विसरेल. परंतु देवाला विसर पडणार नाहीं. शेवटच्या कडव्यांत पुन्हां कवि बोलतो, आणि तो काय बोलतो? आपलें प्रेम दुबळें व क्षीण आहे, हीच आपली मोठी तक्रार आहे, असें तो म्हणतो.

या रचनेंतलें मर्म मला फार उशिरां उमगलें. खात्रीचें एकहि वाक्य कवीनें स्वतःच्या तोंडीं घातलेलें नाहीं. जें जें निश्चित आहे तें तें देव बोलतो. माणसाच्या तोंडीं आहे ती दुबळेपणाची कबुली व अधिक प्रेमाची याचना. वर सांगितलेला वेस्टमिन्स्टरचा विवेक येथें तत्त्वचर्चेवांचून, केवळ कोण बोलतो याच्या वांटणीनें, साधला गेला आहे. म्हणून हें स्तोत्र ज्याची खात्री ढळली आहे अशा माणसालाहि म्हणतां येतें. स्वतःच्या अनुभवाचा हवाला देऊन ज्यांत आनंदाची ग्वाही दिलेली असते, अशा स्तोत्रांत ही सोय नसते. तीं भरल्या मनानेंच म्हणावीं लागतात. रित्या मनानें म्हटलीं तर जीभ अडखळते.

देवाच्या गूढ मार्गांविषयींचें कूपरचें सर्वांत प्रसिद्ध स्तोत्र याच कसोटीला उतरतें. १७७३ सालच्या आरंभीं, मन पुन्हां ढासळण्याच्या सुमारास, तें लिहिलें गेलें अशी परंपरा आहे. त्यांत 'मी' हा शब्द कोठेंच येत नाहीं. देव समुद्रांतून चालतो, वादळावर आरूढ होतो. ज्या ढगांची धास्ती वाटते तेच कृपेनें ओथंबलेले असतात. आणि भ्यालेल्या भक्ताला उपदेश केला आहे तो असा कीं, स्वतःच्या दुबळ्या जाणिवेवरून प्रभूची पारख करूं नये. दुर्दैव असें कीं, हा उपदेश ज्यानें लिहिला त्यालाच तो पाळतां आला नाहीं. त्याच वर्षीं फेब्रुवारीच्या सुमारास त्याला स्वप्न पडलें. आपला निकाल कायमचा लागला असून आपण नाश पावलों आहों, अशा अर्थाची लॅटिन वाणी त्याला ऐकूं आली. यानंतर कूपर प्रार्थनामंदिरांत गेला नाहीं. आपल्याला प्रार्थनेचा अधिकारच उरला नाहीं असें तो मानूं लागला.

तर्कदृष्ट्या पाहिलें तर ही समजूत त्याच्या स्वतःच्या पंथाशींहि विसंगत होती. देवानें एकदां ज्याला आपला म्हटलें तो अखेरपर्यंत त्याचाच राहतो, हें कॅल्व्हिनच्या अनुयायांचें मुख्य मत. कूपरला हें मत मान्य होतें. आपण एकदां देवाचे झालों होतों हेंहि त्याला मान्य होतें. तरीसुद्धां सर्व जगांत एकट्या आपल्यापुरता या नियमाला अपवाद झाला आहे, असें त्याच्या मनानें घेतलें. म्हणून न्यूटनच्या कडक धर्ममतानें कूपरला वेड लावलें, हा अनेक चरित्रकारांनीं केलेला आरोप मला पटत नाहीं. त्याचें पहिलें आजारपण १७६३ सालचें; न्यूटनची व त्याची गांठ पडली ती १७६७ सालीं. परंतु धर्माचा व या दुखण्याचा कांहींच संबंध नव्हता, हें भाविकांचें म्हणणेंहि पुरें खरें नाहीं. दुखणें देहमनाचें होतें. त्याला भाषा पुरविली ती धर्मानें. 'मी दुःखी आहें' असें जेथें दुसरा माणूस म्हणाला असता, तेथें कूपर 'मी शापित आहें' असें म्हणाला. अनुभवालाच प्रमाण मानण्याची संवय लागलेल्या मनाला, अनुभव आटतांच, दुसरा अर्थ दिसला नाहीं.

या काळांत त्याच्या हातून वाङ्मय थोडें झालें नाहीं. १७८२ सालीं 'जॉन गिल्पिन' या विनोदी पोवाड्यानें त्यानें इंग्लंडला हसविलें; १७८५ सालीं 'द टास्क' हें दीर्घकाव्य आलें; १७९१ सालीं होमरचें भाषांतर आलें. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत त्या दोन कविता.

१७९० सालीं नॉरफोक परगण्यांतील एका बहिणीनें आईचें एक लहान चित्र त्याला पाठविलें. आई जाऊन त्रेपन्न वर्षें झालीं होतीं. तें चित्र पाहून त्यानें लिहिलेली कविता इंग्रजींतील अत्यंत हृद्य कवितांपैकीं एक आहे. आईच्या प्रेतयात्रेच्या दिवशीं वाजलेली घंटा, खिडकींतून पाहिलेली गाडी, आई परत येईल अशी दासींनीं घातलेली खोटी समजूत, रात्रीं निजलेल्या मुलाला पाहावयास येणारी तिची पावलें, हें सारें त्यांत आहे. शेवटीं तो दोन गलबतांचें चित्र काढतो. आईचें गलबत सुखरूप बंदराला लागलें आहे. आपलें मात्र शिडें फाटून, होकायंत्र हरवून, दिवसेंदिवस किनाऱ्यापासून दूर भरकटत चाललें आहे. स्तोत्रांतला दृष्टान्त आठवून ही कविता वाचावी. स्तोत्रांत आई विसरण्याचा संभव होता, देव विसरण्याचा नव्हता. येथें उलट झालें आहे. आईच्या प्रेमाविषयीं कवीला तिळमात्र शंका नाहीं; देवाविषयीं मात्र आशा उरलेली नाहीं. मोठ्या प्रेमाची कल्पना यावी म्हणून जें माप हातीं घेतलें होतें, तेवढें मापच त्याच्या हातांत राहिलें.

दुसरी कविता १७९९ सालची, मृत्यूच्या आदल्या वर्षाची. अ‍ॅन्सन या दर्यावर्दीच्या १७४० ते १७४४ या काळांतील पृथ्वीप्रदक्षिणेच्या वृत्तान्तांत, वादळांत जहाजावरून समुद्रांत पडलेल्या एका खलाशाची हकीकत आहे. कूपरनें ती घेतली. सोबत्यांनीं पिंप टाकलें, खुराडा टाकला, दोर सोडला; परंतु वारा जहाजाला पुढें ढकलीत होता व थांबणें अशक्य होतें. खलाशी त्यांना दोष देत नाहीं. तो तासभर लाटांशीं झुंजतो, मित्रांना हांका मारतो आणि बुडतो. शेवटच्या कडव्यांत कवि स्वतःकडे वळतो. वादळ शांत करणारी वाणी कोणासाठींच उमटली नाहीं. दोघेहि एकएकटेच बुडाले. मात्र आपला डोह अधिक खोल होता. कूपरच्या लहान कवितांत हिच्या तोडीची दुसरी नाहीं. हिच्यांत आक्रोश नाहीं, देवाची निंदा नाहीं, स्वतःची कींवहि फारशी नाहीं. वृत्त सुबक आहे, शब्द मोजके आहेत. १८०० सालच्या एप्रिल महिन्यांत ईस्ट डीरम येथें कूपर वारला.

कित्येक वर्षें मी वर्गांत असें सांगत असें कीं, या कवितेनें स्तोत्रांचा निकाल लावला. स्तोत्रें ही कवीनें स्वतःची घातलेली समजूत आणि शेवटची कविता हें त्याचें सत्य. विद्यार्थ्यांना हें मत आवडे. तरुणपणीं निराशा ही नेहमींच आशेपेक्षां प्रामाणिक वाटते. हें मत मीं सोडलें तें कोणाच्या ग्रंथामुळें नव्हे. माझ्या मातुःश्रींचीं अखेरचीं दोन वर्षें स्मृतिभ्रंशांत गेलीं. यशयाच्या दृष्टान्तांतला तो 'एखादे वेळीं' आमच्या घरीं खरोखरच आला. आई आपल्या लेकराला विसरली. संध्याकाळ झाली कीं ती व्याकूळ होई, आपल्याला परक्या घरीं टाकून सगळे निघून गेले असें म्हणे, आणि माझें नांव घेऊन, त्याला बोलावणें धाडा म्हणून विनवी. त्या वेळीं तिचा हात माझ्याच हातांत असे. मी तोच आहें हें तिला सांगून उपयोग होत नसे. तिचें दुःख खोटें नव्हतें. परंतु ज्या गोष्टीचें तिला दुःख होतें ती गोष्ट खरी नव्हती.

यावरून ईश्वराविषयीं कांहीं सिद्ध होतें असा माझा दावा नाहीं. मी ख्रिस्ती नाहीं, आणि टीकाकाराचें कामहि तें नव्हे. परंतु सोडून दिलेलें असणें आणि सोडून दिल्याचें वाटणें यांतलें अंतर केवढें असूं शकतें, हें मला त्या खोलींत कळलें. मग कूपरचें चरित्र मीं पुन्हां वाचलें. १७७३ सालीं तो भ्रमिष्ट झाला तेव्हां न्यूटननें त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. मेरी अन्विन यांनीं वीस वर्षांवर त्याची शुश्रूषा केली, आणि अर्धांगानें त्या खिळल्या तेव्हां १७९६ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत कूपरनें त्यांना अंतर दिलें नाहीं. न्यूटननें आपल्या मित्राच्या तारणाविषयीं कधीं शंका बाळगली नाहीं. मित्राची खात्री गेली होती, ती त्यानें स्वतःजवळ जणूं ठेव म्हणून सांभाळली. जहाजावरून टाकलेले पिंप व दोर यांचा उल्लेख त्या अखेरच्या कवितेंत उगीच आलेला नाहीं. आपल्याला वांचविण्यासाठीं हात पुढें झाले होते, हें बुडणाऱ्यानेंच नमूद करून ठेविलें आहे.

आपल्याकडे रामानुजीय पंथांत हाच वाद दोन दृष्टान्तांनीं रंगला. वानरीचें पिलूं आईला स्वतः घट्ट धरून ठेवतें. मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून नेते. रुडॉल्फ ऑटो या जर्मन पंडितानें १९३० सालच्या आपल्या ग्रंथांत भारतीय कृपामार्गाची ख्रिस्ती मताशीं सविस्तर तुलना केली आहे. कूपरची श्रद्धा मार्जारन्यायाची होती, पण त्याचें मन वानराच्या पिलाचें होतें. आपली पकड सुटली म्हणजे आपण पडलों, असें त्यानें धरलें. मांजरीचें पिलूं दातांत धरलेलें असतें, हेंहि येथें विसरूं नये. त्या क्षणीं त्याला तें वात्सल्य वाटतें कीं घात वाटतो, कोणीं सांगावें?

मराठी वाचकाला देवाला आई म्हणण्याची संवय आहे. विठाई व माउली हे शब्द आपण इतक्या सहज उच्चारतों कीं त्यांत कांहीं धाडस आहे असें वाटतच नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर मराठी संतांची हीच रीत आपल्या ख्रिस्तभक्तींत नेली. परंतु यशयाचा दृष्टान्त याच्याहि पुढें जातो. आई विसरते हें कबूल करून मग तो आश्वासन देतो. ज्यानें तें विसरणें पाहिलें आहे त्यालाच या क्रमाचें मोल कळेल.

तेव्हां कूपरच्या स्तोत्राला त्याच्या अखेरच्या कवितेनें खोटें पाडलें, असें मी आतां म्हणत नाहीं. आणि स्तोत्राच्या बळावर त्या कवितेंतलें दुःख हलकें करण्याचाहि मला अधिकार नाहीं. दोन्ही प्रामाणिक आहेत. एकींत बुडणाऱ्याला काय वाटलें तें आहे. दुसऱ्यांत, त्याला काय वाटतें यावर जें अवलंबून नाहीं तें आहे, आणि तें त्याच्या स्वतःच्या तोंडीं नाहीं. पौलाच्या यादीच्या शेवटचा तो व्यापक शब्द येथें आठवावा. सृष्टींतील कोणतीहि वस्तु असें म्हटलें कीं निराश झालेलें मनहि तींत आलें. देवाच्या प्रीतीपासून माणसाला तोडूं न शकणाऱ्या गोष्टींत पौलानें त्याचीहि गणना केली आहे. कूपरनें तें पत्र शेंकडों वेळां वाचलें असेल. हा शब्द आपल्यालाहि लागू आहे असें मात्र त्याला वाटलें नाहीं. तें वाटण्याचें काम त्याच्या वतीनें न्यूटननें केलें, मेरी अन्विननें केलें, आणि ज्यांच्या मनांत कांहींच उरलें नाहीं अशा वेळीं त्याचें स्तोत्र ज्यांनीं म्हटलें त्या सर्वांनीं केलें.